दहावा माणूस

आमच्या घरात शनिवार आधी कानाला कळायचा. बाकीचे सहा दिवस परसातला घाणा पहाटेपासून करकरत असे, आणि त्या आवाजाची इतकी सवय झालेली, की शुक्रवारी दिवस कलायला लागल्यावर बाबांनी बैलाच्या मानेवरचं जू उतरवलं म्हणजे मला क्षणभर कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. मग कल्याणातल्या बाकीच्या आवाजांना एकदम वाट मिळायची. खाडीतल्या होड्यांवरच्या हाका, मागल्या आळीतलं कुणाचं तरी भांडण, लांब स्टेशनात इंजिनाने सोडलेली वाफ. आई दिवा लावून डोळ्यांवर हात धरायची, आणि मग दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत घरात ना चूल पेटायची ना घाणा फिरायचा. सगळा गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचा. त्यात हिणवणं नव्हतं, नुसती ओळख होती. शेजारची हिरूबाई आगरीण मात्र हे दर आठवड्याला नव्याने विसरायची. शनिवारी हातात रिकामी बुधली घेऊन दारात उभी. "आज शनवार हाय का गो? मंग माझे कालवनाला फोडनी कोन देल?" आई आतूनच म्हणायची, "उद्या ये, दोन पळ्या जास्त घालीन." मला वाटतं, हिरूबाईचं विसरणं त्या दोन पळ्यांसाठी असावं.

आम्ही बेने इस्राएल. आता माझी नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि आपण कोण, कुठले, असं मला वहीपेन्सिल घेऊन विचारतात, तेव्हा मी त्यांना माझ्या आईने सांगितलं तेवढंच सांगते. फार पूर्वी आपल्या लोकांचं गलबत कुलाब्याच्या किनाऱ्याला खडकावर फुटलं. सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले. पोथ्या बुडाल्या, भाषा हळूहळू विसरली. उरलं काय, तर शनिवारी कामाला हात न लावणं, मुलग्यांची सुंता, खवले नसलेली मासळी न खाणं आणि एक ओळीची प्रार्थना, जी लग्नात म्हणायची तीच मयतात. एवढ्या शिदोरीवर आमच्या लोकांनी किती पिढ्या काढल्या ते देवालाच ठाऊक. माझ्या जन्माच्या आधी बाहेरची शिकलेली माणसं येऊन विसरलेलं बरंचसं पुन्हा शिकवून गेली होती. पण आई नेसायची नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, आणि रागावली की शिव्या अस्सल कल्याणच्या. खाडीकाठी राहून आम्ही कोलंबी खात नाही याची कोळणींना मनापासून कीव यायची. मलाही यायची. हिरूबाईच्या घरून कोलंबीच्या कालवणाचा वास आला, की देवाने मासे घडवताना आमचं काहीतरी जुनं भांडण उकरून काढलं असणार, असं मला वाटे.

कल्याणात आमची घरं मोजकी. आणि आमच्यात नियम असा, की पुरती प्रार्थना करायची तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष एका जागी हवेत. नऊ पंडित चालत नाहीत, दहा अडाणी चालतात. कितीतरी वर्षं कल्याणात नऊच होते. त्यामुळे मोठ्या सणाला आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सगळ्यांनी ठाण्याला जायचं, तिथे नातलगांकडे दाटीवाटीने पडायचं, ठाणेकरांचे टोमणे ऐकायचे आणि परत यायचं. मग माझा थोरला भाऊ दाऊद तेरा वर्षांचा झाला आणि कल्याणचे दहा झाले. त्या दिवशी हसकेलमामाने आळीभर हलवा वाटला. हसकेलमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ आणि आमच्या जमातीचा मुकादम. त्याच्या घरच्या ओटीवर तेव्हापासून दर शनिवारी सकाळी प्रार्थना व्हायला लागली. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, अशी आमची रीत. म्हणून प्रार्थना चालवणारे आमचे काजीकाका दहा शब्दांची एक ओळ म्हणत, दर माणसाला एक शब्द. शेवटचा शब्द दाऊदवर यायचा आणि तेव्हा त्याची मान जरा ताठ व्हायची. मी पडद्याआडून बायकांतून बघायची. घरी मात्र त्याचा हा मोठेपणा मी चालू देत नसे.

अठराव्या वर्षी दाऊद रेल्वेत लागला. काम काय, तर सिग्नलांचे दिवे. दुपारपासून काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, घासलेट भरायचं, आणि रोज संध्याकाळी शिडीवर चढून एकेक दिवा लावायचा. सुट्टी रविवारची. म्हणजे शुक्रवारी नेमक्या ज्या घटकेला आई दिवा लावायची आणि आमच्या घरातला विस्तव बंद व्हायचा, त्याच घटकेला तिचा मुलगा यार्डात शिडीवर उभा राहून काडी ओढायचा. शनिवारी काय काय करायचं नाही याची आमच्याकडे लांबलचक यादी आहे आणि विस्तव पेटवणं तीत अगदी वर आहे. शोधून काढायची म्हटली असती तरी याहून अडचणीची नोकरी त्याला सापडली नसती. पण त्याला ते काम आवडायचं. अंधार पडताना तांबडे-हिरवे दिवे लागत गेले की आपण सगळ्या गाड्यांना वाट दाखवतोय असं वाटतं, असं त्याने मला सांगितलं होतं. त्याने मला एकदा तांबड्या काचेचा तुकडा आणून दिला. त्यातून बघितलं की हिरूबाईसुद्धा देखणी दिसायची.

बाबांना दोन्हीकडून लागलं. एक तर शनिवार मोडला, आणि तोही घासलेटासाठी. जन्मभर त्यांनी दिव्याचं तेल गाळलं होतं, आणि आता आंबिवली-टिटवाळ्याचे शेतकरीसुद्धा तीळ घेऊन यायचे ते फक्त खाण्याच्या तेलापुरते. दिव्यात घासलेट जळायला लागलं होतं. दाऊद घरी आला की त्याच्या अंगाचा वास त्याच्याआधी आत यायचा आणि बाबा उठून परसात जायचे. हे चाललं होतं तोवर मामाने सभा बोलावली.

सभेत दाऊद घाबरला नाही. तो म्हणाला, "मामा, मी दिवा लावला नाही तर गाडी गाडीवर आदळेल. माणसं मरतील. जीव वाचवायला शनिवार मोडता येतो, हे काजीकाकांनीच शिकवलंय."

काजीकाकांनी मान हलवली. "शिकवलंय खरं."

"दुसरा कुणी लावील," मामा म्हणाला. "रेल्वेत काय तू एकटाच आहेस? आज दिव्यासाठी शनिवार सोडलास, उद्या कुणी पगारासाठी सोडील, परवा कुणी नुसता कंटाळा आला म्हणून सोडील. बुडताना आपल्या लोकांनी सगळं सोडलं, शनिवार सोडला नाही. नोकरी सोड, नाहीतर जमात सोड."

"मी कुठलंच सोडत नाही," दाऊद म्हणाला. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत एवढंच म्हणाले, "मुकादम म्हणेल ते." त्यानंतर ते दाऊदशी बोलले नाहीत. एक शब्द नाही. त्याच दिवशी दाऊदला वाळीत टाकलं. म्हणजे त्याच्या पंगतीला कुणी बसायचं नाही, त्याला हात द्यायचा नाही आणि प्रार्थनेला तो ओटीवर चढणार नाही.

माझी आई तोंडाने कधी मामाच्या शब्दाबाहेर गेली नाही. हाताने मात्र सर्रास जायची. पहिल्या दिवशी जेवायच्या वेळी तिने दोन चटया अंथरल्या, एक आमच्यासाठी आणि एक दाऊदसाठी, आणि मधे बरोबर एक बोट जागा सोडली. दोन पंगती झाल्या. दाऊदचं ताट त्याच्या चटईच्या कडेला, माझं माझ्या चटईच्या कडेला, आणि वालाच्या बिरड्याचं भांडं मधल्या एका बोटावर, ज्याला लागेल त्याने घ्यावं. मामाने चौकशी केली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "वेगळा बसतो." बाबा हे सगळं बघायचे, गप्प जेवायचे. त्यांना दाऊदला काही सांगायचं असलं की ते माझ्या तोंडाने जायचं. "रिबका, तुझ्या भावाला विचार, बैलाला पाणी दाखवलं का?" भाऊ समोर बसलेला. मी विचारायची. तो मला सांगायचा, "दाखवलं म्हणून सांग." मी सांगायची. हे काम मी मोठ्या ऐटीत केलं, आणि मधेमधे दोन्हीकडचे निरोप जरा गोड करून पोचवले, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण दाऊद दिवसेंदिवस गप्प होत चालला होता, आणि ते माझ्या गोड करण्याने भरून येणारं नव्हतं.

आता जमातीची गंमत बघा. एवढी मोठी सभा झाली, सगळे शहाणेसुरते, पण एकाच्याही ध्यानात आलं नाही. पहिल्या शनिवारी सगळे मामाच्या ओटीवर जमले, काजीकाकांनी दहा शब्दांची ओळ म्हणायला सुरुवात केली आणि शेवटचा शब्द तोंडातच राहिला. तो द्यायला माणूस नव्हता. वाळीत टाकायच्या भरात त्यांनी आपला दहावाच टाकला होता. काजीकाकांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली, जणू काही दुसऱ्या खेपेला शब्द कमी भरतील. माजघरात माझी आई तोंडावर पदर घेऊन हसली, आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. कारण त्या वर्षी तिची आई, म्हणजे मामाचीही, वारलेली होती. मेलेल्यांच्या नावाने म्हणायची ती प्रार्थना दहांवाचून म्हणता येत नाही. पण मामा शब्द मागे घेईल तर तो मुकादम कसला.

त्याने ठाण्याहून माणूस उसना आणायचं ठरवलं. बन्नाजी नावाचे एक गृहस्थ शुक्रवारी दुपारच्या गाडीने येत. धर्माचं काम म्हणून येत, पण जेवायला बसले की धर्म बाजूला राही. मामीने शनिवारसाठी करून ठेवलेलं सगळं ते शुक्रवारीच संपवत आणि प्रार्थनेत आपला शब्द ऐकायला त्यांना कोपराने हलवून जागं करावं लागे. असा कारभार दोन-अडीच महिने चालला. आमचं नवं वर्ष आलं, आईने गव्हाचा चीक काढून नारळाच्या रसात हलवा करायला घेतला, आणि त्याच दिवशी दाऊदने मला सांगितलं, की साहेबाने त्याला इगतपुरीला जातोस का म्हणून विचारलंय. घाटातल्या सिग्नलांवर माणसं हवी होती. जायचं तर कायमचं. दारफाळणीच्या सणानंतर येणाऱ्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"जाणार तू?" मी विचारलं.

"इथे कुणाला हवाय मी? बाबा बोलत नाहीत. मामा रस्त्यात भेटला तर गटार बघत जातो. परक्या गावात न बोलणारे निदान परके तरी असतील."

मी हे आईला सांगितलं. ढवळत असलेला हलवा चुलीवरच सोडून ती तशीच मामाकडे गेली. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझा भाऊ म्हणजे धोंडा आहे. आणि नवरा म्हणजे त्याच धोंड्याचा दुसरा तुकडा." मग ती आमच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू नबीला मलिदा बोलली. दाऊद कल्याणात राहिला तर ताटभर पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं. हलवा तेवढ्यात खाली लागला होता. आम्ही तो तसाच खाल्ला.

दारफाळणी म्हणजे आमचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कडकडीत उपास, पाणीसुद्धा नाही. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घ्यायची आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. परक्या माणसाशी बोलायचं नाही. एकदा दार लागलं की दुसऱ्या दिवशी शिंग वाजेपर्यंत उघडायचं नाही. कल्याणची सगळी मंडळी त्यासाठी मामाच्या घरात जमली. बन्नाजी यायचे होते. दिवस बुडत आला, मामा दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता, आणि बन्नाजींऐवजी आला त्यांचा निरोप. त्यांच्या पायाला गळू झालं होतं. अशा दिवशी दुसरा कुणी ठाणेकर आपली जागा सोडून येणं शक्यच नव्हतं, आणि आम्हाला ठाण्याला जायला वेळ उरला नव्हता. मामाने दार लावून घेतलं. आत नऊ.

त्या वर्षी आमची दारफाळणी नेमकी दसऱ्याला आली होती. बाहेर सकाळपासून धामधूम आणि आत आम्ही भुकेले, कसेबसे कुजबुजत होतो. उन्हं वर आली तेव्हा मी परसात गेले आणि कुडाच्या फटीतून पुढच्या अंगाला डोकावले. दाऊद पायरीवर बसला होता. पांढरे कपडे, पाय अनवाणी, भिंतीला कान लावलेला. आपल्या जागी एका सोबत्याला उभं करून आला होता. दाराच्या आतल्या प्रार्थना बाहेरून ऐकत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं हा मुलगा दसऱ्याचा नटूनथटून बसलाय. हिरूबाई माझ्या देखत त्याच्यापाशी थांबली आणि आपट्याची पानं त्याच्या हातात कोंबून म्हणाली, "घे रं पोरा सोनं!" परक्याशी बोलायचं नाही म्हणून हा नुसता हात जोडतोय. "मुका झाला का काय?" म्हणून ती गेली. त्याच्या मांडीवर पानांचा हा ढीग साठला होता.

मी आत धावले. बायकांनी आवरायच्या आत पडद्याबाहेर गेले आणि मोठ्याने म्हणाले, "दाऊद बाहेर बसलाय. उपाशी."

प्रार्थना थांबली. दार उघडायची सोय नव्हती, आणि उघडलं तरी त्याला आत घ्यायची सोय नव्हती. दहावा माणूस एका भिंतीपलीकडे बसलेला आणि नऊ माणसं एकमेकांची तोंडं बघतायत. मग काजीकाका पुस्तकातून डोळे न काढता म्हणाले, "बाहेरच्या माणसाचं तोंड खिडकीतून आत दिसलं, तर तो आतलाच धरायचा, असं आहे."

"आणि तो वाळीत असला तर?" मामाने विचारलं.

"काल दिवस बुडताना पहिलं काय म्हटलंस, हसकेल? चुकलेल्यांबरोबर उभं राहून प्रार्थना करायला मुभा आहे, असं म्हटलंस. माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटलंस."

मला वाटतं, तेव्हा मामा आपल्या आईचा विचार करत असावा. निदान माझी तशी इच्छा होती. शेवटी तो स्वतः गेला आणि त्याने ओसरीवरची खिडकी उघडली. "ए," एवढंच म्हणाला. खिडकीच्या गजांत दाऊदचं तोंड दिसलं. काजीकाकांनी ओळ म्हटली आणि शेवटचा शब्द खिडकीकडे बघून म्हटला. मग मामाने आपल्या आईसाठी ती प्रार्थना म्हटली. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा, उसन्या माणसावाचून. माजघरात माझी आई उघड रडली, आणि मीही.

मामाने दहावा मिळवला, पण वाळीत घातलेलं काढलं नव्हतं. दिवसभर दाऊद गजांपाशी उभा, आणि खिडकीच्या आत सर्वांत जवळ उभे कोण, तर बाबा. वारा लागतो म्हणून ती त्यांची ठरलेली जागा. दोघांत एक हात अंतर, आणि बाबांनी दिवसभर मान वळवली नाही.

संध्याकाळी शिंग वाजलं. त्यानंतर आमच्यात हातबोशी होते. काजी आपला हात पुढे करतो, दुसरा तो दोन्ही हातांत घेतो, मग आपली बोटं ओठांना लावतो आणि आलेला हात पुढच्याला देतो. असा तो एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्या पुरुषाकडून बायकांकडे येतो, मुलांकडे येतो. कुणाला वगळायचं नाही आणि कुणी अडवायचा नाही. काजीकाकांनी मामाला दिला, मामाने पुढे दिला, आणि हात फिरत फिरत बाबांपर्यंत आला. बाबांनी बोटं ओठांना लावली. नववे ते. आणि तिथेच थांबले.

वाळीतल्याला हात द्यायचा नाही, आणि हातबोशीत कुणाला वगळायचं नाही. मी आईकडे बघितलं. दिवसभराच्या उपासाने तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज रोज जेवायला हाक मारतानाचाच निघाला.

"अहो, आम्ही मागे थांबलोय."

बाबा खिडकीकडे वळले. त्यांनी हात गजांतून बाहेर घातला. दाऊदने तो दोन्ही हातांत धरला, आणि धरूनच ठेवला. सोडायचा असतो हे तो विसरला, आणि बाबांनीही काढून घेतला नाही. मग बाबा बोलले. माझ्या तोंडून नाही, सरळ त्याच्याशी.

"साहेबाला सांग, जमणार नाही म्हणावं. इथे तुझ्यावाचून नऊच होतात."

आईने बाबांना बाजूला सारलं आणि दाऊदकडून हात घ्यायला ती खिडकीशी गेली.